न पेललेलं नाव

वार्सितीने त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत उभं राहून एक नाव मोठ्याने घेतलं. तेवढंच केलं. पण त्यासाठी मला तिचा कोपर घट्ट धरावा लागला. मला अजून त्याचं नवल वाटतं.

ती माझ्या गल्लीतली. जावा बेटावरच्या तेगाल शहराच्या कडेला आमची गल्ली आहे. तिथे घरोघरी बॅडमिंटनची फुलं बनतात. कुणी बदकाची पिसं धुतं, कुणी कापतं, कुणी बुचात रोवतं, कुणी दोरा गुंडाळून गोंद लावतं. वार्सितीचं काम सगळ्यात शेवटचं. तयार फूल ती बोटांत धरते, गर्रकन फिरवून हवेत सोडते आणि खाली येताना बघते. सरळ उतरलं तर चांगलं, डुललं तर बाजूला. तिचा नवरा वासरोनी जकार्तात खानावळ चालवतो आणि सणाला घरी येतो. आमच्याकडचे निम्मे पुरुष तेच करतात. घरात ती, सासू रास्ती आणि मुलगी तिना.

मी शाळेत शिकवायला म्हणून या गल्लीत खोली घेतली. वार्सिती वयाने मोठी, म्हणून मी तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणते. मी साहित्यात पदवी घेतली आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "अरेरे. मग आता पोटापाण्याचं काय?" आणि दुसऱ्या दिवशी कच्च्या फणसाची भाजी घेऊन आली.

तिनाला आकडी येते हे मला आल्या आल्याच कळलं. पिसांच्या टोपल्यांमध्ये बसून ती चित्र काढत होती. एकदम थांबली. ओठ चाटायला लागली. नजर कुठेतरी लांब गेली. तोंडातून लाळ आली आणि ती कलंडली. पिसं उडाली. बायका झटकन लांब सरकल्या. आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा मानतात की त्या लाळेने रोग लागतो. वार्सिती मात्र पोरीला मांडीवर घेऊन बसली. ओढणीच्या टोकाने लाळ पुसली. टोक संपलं तेव्हा हाताने पुसली.

"हात धू गं बाई!" लांबून कुणीतरी ओरडलं.

"धुते," ती म्हणाली. "आधी तुझा चहा गाळते, मग धुते."



औषधं चालू होतीच. एक थकलं की दुसरं, दुसऱ्याच्या जोडीला तिसरं. तिना शाळेत झोपायची, पाढे विसरायची, आणि आकड्या येतच होत्या. शेवटी तेगालच्या डॉक्टरांनी हात टेकले. ते म्हणाले, सेमारांगला जा, तिथे अशा मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया करतात.

रास्ती आजी जेवता जेवता थांबली. "डोकं उघडणार?"

"हो, माक," वार्सिती म्हणाली. आईला म्हणावं तसं ती सासूला माक म्हणते.

"आणि परत लावणार?"

"नाही, तसंच ठेवणार, वारा खायला," वार्सिती म्हणाली. मग सासूचा चेहरा बघून तिने तिच्या ताटात मासा वाढला. "लावतात, माक. लावणारच ना."

मी सेमारांगला शिकले होते. रस्ते ठाऊक, आणि डॉक्टरांशी शुद्ध भाषेत बोलता येईल म्हणून वार्सितीने मला सोबत घेतलं. "तुझ्या डिग्रीचा कुणाला तरी उपयोग होऊ दे," ती म्हणाली. शाळेला सुट्टी होती. मी निघाले.

डॉक्टर सितोरुस सुमात्राच्या उत्तरेकडच्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांनी मेंदूचं छायाचित्र उजेडावर धरलं आणि उजव्या बाजूला, कानाच्या आतल्या बाजूला, एक डाग दाखवला. "इथला भाग जन्मापासूनच नीट घडलेला नाही. इथूनच ठिणगी उडते, असं मला वाटतं. पण वाटून चालत नाही. मला आकडी येताना बघायची आहे."

म्हणून तिनाला कॅमेऱ्याच्या खोलीत ठेवलं. डोक्याला तारा चिकटवल्या, वर जाळीची टोपी. पलंगासमोर कॅमेरा. औषधं कमी केली. शेजारच्या खोलीत पडद्यावर तिच्या मेंदूच्या रेघा सरकत होत्या आणि जुमेनो नावाचे तंत्रज्ञ त्यांच्यासमोर बसून शेंगदाणे खात. आम्ही त्यांना मानाने पाक म्हणायचो, ते वार्सितीला बू म्हणायचे. आकडी आली की त्यांनी धावत यायचं आणि तिनाला काहीतरी विचारायचं. उत्तर येतं का, बरोबर येतं का, हे बघायला. तिनाच्या आकड्या छोट्या. त्यात एकच प्रश्न मावायचा.

पहिली आकडी आली. तिना ओठ चाटायला लागली. पाक जुमेनो आले, वाकले. "बाळ, तुझं नाव काय?"

तिना अगदी स्पष्ट म्हणाली, "प्रामेस्वारी."

वार्सितीने झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. "बू, हात काढा, हात काढा!" पाक जुमेनो ओरडले. "कॅमेऱ्यात दिसत नाही!" तिने हात काढला. तिच्या ओठांना रंग उरला नव्हता. मला वाटलं, आकडी बघून घाबरली. मग माझ्या मनात आलं, ही बाई आकडी बघून कधी घाबरते?

पुढच्या आकडीतही तेच. "नाव काय?" "प्रामेस्वारी." त्याच्या पुढचीतही तेच.

डॉक्टर सितोरुसनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या.

"पोरगी डावखुरी आहे ना?"

"उजव्याच हाताने लिहिते," वार्सिती म्हणाली. "डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये म्हणून सासूबाईंनी सवय मोडली. पण दगड मारते डाव्याने."

"म्हणजे डावखुरी. आता ऐका. बहुतेकांच्या मेंदूत भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांत ती कधी कधी उजवीकडे असते. हिचा डाग उजवीकडे आहे. आकडीत ही बोलते, पण चुकीचं बोलते. स्वतःचं नाव विचारलं तर कुठल्या तरी राणीचं सांगते. म्हणजे भाषेची जागा त्या डागाला खेटून असू शकते. मी तिथे कापलं आणि पोरगी मुकी झाली, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"मग?" मी विचारलं.

"मग मी कापणार नाही. राजधानीत आणखी एक तपासणी होते, पण तिथे रांग फार मोठी आहे. तोवर औषधं."

औषधं. वार्सितीने मान खाली घातली. औषधं म्हणजे पुन्हा ती टोपली, ती लाळ, पाढे विसरणारी पोर.

आम्ही खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. समोर सोतोचं सूप निवत होतं. मला एकच गोष्ट टोचत होती.

"म्बाक, ही प्रामे..."

तिने माझं तोंड दाबलं. जोरात. शेजारचे लोक बघायला लागले.

"घेऊ नकोस ते," ती कुजबुजली.

"का?"

तिने चमच्याने सूप ढवळलं. मग वाडग्याकडे बघत बोलायला लागली. तिना जन्मली तेव्हा वासरोनीने हौसेने राणीचं नाव ठेवलं होतं. सगळी गल्ली हसली होती. पिसं धुणाऱ्यांची पोर आणि नाव महाराणीचं! तिना तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा आकडीत पडली, मग सारखी पडायला लागली. रास्ती आजीने जाणत्याला दाखवलं. तो म्हणाला, नाव जड झालंय. पोरीला पेलत नाही. मग लाल आणि पांढरी पेज शिजवून गल्लीत वाटली, आणि सगळ्यांसमोर नवं, हलकं नाव ठेवलं. तिना. जुनं कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर आजार आपल्याला बोलावलं असं समजून परत येतो. कुणीही घेतलं नाही. मी गल्लीत आले ती त्यानंतर. जन्माचा दाखलाही उशिरा काढला, तो नव्या नावाने.

"आणि आता आकडीत ती तेच सांगते," वार्सिती म्हणाली. "मी कान बंद करून घेतले. मला वाटलं, आजारच तिच्या तोंडून बोलतोय. सांगतोय की मी गेलोच नव्हतो."

मी उभी राहिले. चमचा खाली पडला.

"म्बाक! अगं, मग ती चुकत नाहीये!"

"काय?"

"त्यांनी नाव विचारलं. तिने नाव सांगितलं. तिचंच! ते बरोबर आहे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी मागून पळत होते. "तू सांग त्यांना," मी म्हटलं.

"नाही. तू तिची कोण आहेस? मी सांगते."

"आजीला फोन करून विचारायचं का आधी?"

"माकला विचारलं तर माक नाही म्हणेल. मग मला खोटं बोलावं लागेल. त्यापेक्षा नकोच विचारायला."

दार उघडंच होतं. वार्सिती आत गेली, बसली नाही. तोंड उघडलं, बंद केलं. मी तिचा कोपर धरला. तिने डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हणाली आणि म्हणाली, "प्रामेस्वारी माझ्या मुलीचं नाव आहे, बू डॉक्टर. जन्माचं. आम्ही बदललं होतं. जड झालं म्हणून."

डॉक्टर सितोरुसनी चष्मा काढला. "नाव... जड?"

"हो."

"आमच्याकडे माणूस मेला तरी नाव बदलत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम दाराकडे वळून त्यांनी हाक मारली. "पाक जुमेनो! तुम्ही जावाचे ना? नाव जड होतं का हो माणसाला?"

पाक जुमेनो शेंगदाण्यांसकट आले. "होतं की. माझ्या धाकट्या भावाचं दोनदा बदललं."

"मग तुम्हाला सुचलं कसं नाही!"

"मला वाटलं, पोरगी मालिका बघते," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले.

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. त्या मोठ्याने हसल्या आणि लगेच थांबल्या. "ऐका. एवढ्यावर मी सुरी उचलणार नाही. एक नाव म्हणजे सवयीने आलेला एक शब्द. मला अजून एक आकडी हवी आहे. आणि तिच्यात वस्तू दाखवायच्या, नावं विचारायची. विचारणार तुम्ही, बू वार्सिती. पोर आईला लवकर उत्तर देते."

अशी आम्ही आकडीची वाट बघायला लागलो. हे लिहितानाही हसू येतं. इतकी वर्षं या बाईने प्रत्येक नमाजात मागितलं की आज येऊ देऊ नकोस. आता ती पलंगाशी चमचा, कंगवा, किल्ली, चप्पल मांडून बसली होती, बाजारात पसारा मांडलेल्या विक्रेतीसारखी. परिचारिका जाता येता डोकावायच्या. "आली का?" "नाही अजून." पाक जुमेनोंनी शेंगदाणे सोडून दिले. तिना कंटाळली होती. तारांनी डोकं खाजत होतं.

"आकडी आली की बाक्सोचं सूप देणार ना?" तिने विचारलं.

"दोन वाडगे."

"मग आणते," ती म्हणाली आणि डोळे फिरवून पडली. पाक जुमेनो धावत आले. तिनाने एक डोळा उघडला.

"रेघा सरळ आहेत, चोर!" ते म्हणाले. "मला फसवतेस? तुझं डोकं मला तिकडे दिसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच नाही. वार्सितीने पोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ती पलंगावर वाकली आणि हाक मारली. "प्रामेस्वारी."

तिनाचे डोळे मोठे झाले. "आई! तू ते घेतलंस!"

"घेतलं."

"आता ती येईल?"

"येऊ दे. आज आपणच बोलावलंय."

खोलीत कुणी हललं नाही.  भिंतीवरचा पंखा फिरत होता. पलीकडून पाक जुमेनो म्हणाले, "काही नाही."

"परत म्हण," तिना म्हणाली.

वार्सितीने परत म्हटलं. मग जरा मोठ्याने. मग गल्लीत भाजीवाल्याला मारते तशी हाक मारली. काही झालं नाही. तिना खिदळायला लागली. वार्सितीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तीही हसत होती. "मेली ही आकडी," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी हिला घाबरत होते. ही तर ऐकतसुद्धा नाही."

आकडी आली ती तिच्या सोयीने. तिना कुरकुरीत पापड खात होती, घास तोंडातच राहिला. ओठ हलायला लागले.

"आली!" मी ओरडले.

"आली, आली!" पाक जुमेनो पलीकडून. "उजवीकडे! उजवीकडे पेटलंय! विचारा, बू!"

वार्सितीने घास बोटाने काढला आणि चमचा समोर धरला.  "हे काय, तिना?"

नजर लांब होती. ओठ चाटणं चालूच. ही आकडी आधीच्यांपेक्षा लांबली. मग: "चमचा."

"हे?"

"कंगवा... तुझा... दात पडलेला."

"आणि हे?"

"किल्ली."

"मी कोण?"

"आई."

"उजवीकडे वादळ चाललंय आणि पोरगी बोलतेय!" पाक जुमेनो दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या नोकरीत मी... बू, तुम्ही तिला दात पडलेला कंगवा दाखवलात?"

"दुसरा नाहीये माझ्याकडे."

डॉक्टर सितोरुसनी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. "भाषा डावीकडे आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "जवळजवळ नक्की. जवळजवळ, हे लक्षात ठेवा. डोकं उघडलं की धोका असतोच. बोलणं जाण्याची भीती आता थोडी आहे, पण शून्य नाही. कापू?"

वार्सितीने वासरोनीला फोन केला. त्याच्या मागे कढईचा आवाज येत होता. तो काहीतरी विचारत होता, ती "हो" म्हणत होती. मग ती म्हणाली, "मी घेतलं ते नाव. मोठ्याने. सगळ्यांसमोर." पलीकडे फक्त कढई ऐकू आली. मग तो म्हणाला ते मलाही ऐकू आलं. "छान होतं ना गं ते नाव?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी वासरोनी जकार्ताहून आला, रास्ती आजीला तेगालला गाडीत घेऊन. आजी बाकावर बसली. सुनेकडे बघितलं.

"घेतलंस म्हणे."

"घेतलं, माक."

"मला न विचारता."

"हो."

आजीने पदराची गाठ सोडली आणि परत बांधली.  शस्त्रक्रिया दिवसभर चालली. वार्सिती बाकाच्या टोकाला होती. मला ठाऊक होतं ती काय मोजते आहे. पोर मुकी उठली, तर आजीला 'तुझ्यामुळे झालं' असं म्हणावंच लागणार नाही. वार्सिती स्वतःच आयुष्यभर ते म्हणत राहील.

दार उघडलं. डॉक्टर सितोरुस टोपी काढत बाहेर आल्या. घामाने केस चिकटलेले. "डाग निघाला. सगळा निघाला. नीट झालं." वासरोनी तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने कपाळ टेकलं. मी परिचारिकेला मिठी मारली, कुठली होती कोण जाणे.

"बोलते का?" वार्सितीने विचारलं.

"भूल उतरू दे."

भूल उतरली. तिनाने डोळे उघडले. डोक्याला पांढरं बांधलेलं, चेहरा सुजलेला. एकाच माणसाला आत सोडत होते, वार्सिती गेली. आम्ही काचेतून बघत होतो. ती वाकली, काहीतरी म्हणाली. तिना तिच्याकडे बघत राहिली. वार्सितीने पुन्हा म्हटलं. तिनाने डोळे मिटले. ओठ हलले नाहीत.

डॉक्टर आत गेल्या. बोटं दाखवली, हात दाबायला सांगितला. तिनाने दाबला. बोलली नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "थकली आहे. सूज आहे. थांबू या." पण मी त्यांचा चेहरा बघितला आणि तो मला आवडला नाही. रास्ती आजी काचेला नाक लावून उभी होती. तिचे ओठ पुटपुटत होते.

वार्सिती पोरीचा हात धरून बसली होती. मी तिला इतकी स्थिर कधीच बघितली नव्हती. ती फुलं सोडते तेव्हासुद्धा तिचा पाय हलत असतो.

मग एक तरुण परिचारक आला. त्याने कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि तिनाचे सुकलेले ओठ पुसायला लागला. तिनाने मान झटकली. तिच्या कपाळावर आठी उमटली. आणि काचेतूनसुद्धा आम्हाला दिसलं, तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं. परिचारक दचकून मागे सरला. वार्सिती उभी राहिली. खुर्ची पडली.

तिनाचं तोंड चालूच होतं. हातसुद्धा. आधी त्या बोळ्याकडे बोट, मग स्वतःच्या डोक्याकडे, मग पोटाकडे. परिचारक हात जोडत होता. डॉक्टर सितोरुस धावत आत गेल्या, आणि त्यांचं ते मोठं हसणं काच भेदून आमच्यापर्यंत आलं. वासरोनी माझा खांदा दाबत होता. खांदा काळानिळा पडला हे मला घरी गेल्यावर दिसलं.

वार्सिती बाहेर आली. चालत नाही, धावत.

"बोलली?" आजीने तिचे दोन्ही हात पकडले. "काय म्हणाली? सांग ना!"

"म्हणाली," वार्सितीला श्वास पुरत नव्हता, "म्हणाली, ए माकडा, बर्फासारखं गार पाणी तोंडात कोंबतोस, तुझ्या आईच्या तोंडात कोंब."

वासरोनीने तोंडावर हात धरला. मला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आजी सुनेकडे बघत राहिली. "शी! अशा शिव्या! कुणी शिकवल्या पोरीला?"

"तुम्ही, माक."

आजीने क्षणभर विचार केला. मग तिने वार्सितीचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. "नीट म्हणाली ना पण?" तिने तिच्या कानात विचारलं. "सगळे शब्द नीट?"

"सगळे, माक. एकही चुकला नाही."